राजीम : राजाचा लेख आणि तेलिणीचा घाणा

फ्रान्समधील द्राक्षमळ्यांत वसलेली मध्ययुगीन गावे पाहावयास प्रवासी पुनःपुन्हा जातात. आमच्या छत्तीसगढात मद्याचा वृक्ष द्राक्षाचा नव्हे, मोहाचा. फाल्गुन-चैत्रात त्याची रसाळ फुले रात्रभर गळतात. पहाटे बायकापोरे ती टोपल्यांत वेचतात. मग ती वाळवून, भिजवून, आंबवून त्यांची दारू गाळली जाते. बियांचे तेल निघते ते निराळेच. याच मुलखात, रायपूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर, महानदी, पैरी व सोंढूर यांच्या संगमावर राजीम आहे. माझ्या आवडीचे हे गाव यंदा मोहाच्या दिवसांत मी पुन्हा पाहिले.

तेथील विष्णूला राजीवलोचन म्हणतात. मंदिराच्या मंडपातील भिंतीवर इ. स. ११४५ चा लेख आहे. रतनपूरच्या कलचुरी राजा दुसऱ्या पृथ्वीदेवाचा मांडलिक जगपाल याने रामाचे मंदिर बांधल्याचे तो सांगतो. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कलचुरी लेखांच्या आपल्या १९५५ च्या ग्रंथात तो संपादिला.

गावची कथा मात्र वेगळी आहे. राजीम नावाच्या तेलिणीला एक शिळा सापडली. तिच्यावर ठेवलेले तेलाचे भांडे रिकामे होईना. ती शिळा म्हणजे विष्णूची मूर्ती निघाली. जगपालाने ती मागितली, तेव्हा देवाच्या नावाशी आपले नाव जोडले जावे, एवढेच तिने मागून घेतले.

ही कथा कालगणनेच्या कसोटीला उतरत नाही. याच मंदिरात नलवंशी विलासतुंगाचा लेख आहे. त्यात विष्णुमंदिर बांधल्याची नोंद असून तो जगपालाहून सुमारे चारशे वर्षे जुना आहे. ‘राजीव’ या शब्दापासूनच ‘राजीम’ झाले असावे, असे मलाही वाटते. तेलीण मागाहून आली असेल.

परंतु एवढ्यावर तिला इतिहासातून हद्दपार करणे मला उतावळेपणाचे वाटते. आवारातच तिचे लहानसे देऊळ आहे. तेथील सतीशिळेवर सूर्य आहे, चंद्र आहे आणि खाली बैल जुंपलेला तेलाचा घाणा कोरलेला आहे. केवळ शब्दाच्या अपभ्रंशातून असा घाणा उभा राहत नाही. कोणा तेली घरातील स्त्रीचे हे स्मारक असले पाहिजे. मुख्य देवळातील शिलालेख वाचून झाल्यावर यात्रेकरूंनी डावीउजवीकडे पाहत हे देऊळही शोधावे. तेली समाजाची माणसे तिच्या जयंतीला, ७ जानेवारीस, दरवर्षी येथे जमतात.