तापाच्या आधी एक दिवस: १९१८चा फ्लू आणि सैनिकांनी भरलेली जहाजं

"ताप तर मला आज आला, मग घरातल्यांना माझ्याकडून कालच लागण कशी झाली?" फ्लूची साथ आली की हा प्रश्न दवाखान्यात हमखास विचारला जातो. त्याचं उत्तर नीट समजून घ्यायचं असेल तर शंभरेक वर्षं मागे, पहिल्या महायुद्धातल्या एका जहाजावर जावं लागेल.

'लेव्हायथन'चा प्रवास

१९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि लाखो सैनिक अटलांटिक महासागर ओलांडून फ्रान्सला पाठवायची वेळ आली. त्यासाठी प्रवासी जहाजांतल्या आलिशान खोल्या मोडून तिथे एकावर एक झोपायच्या फळ्या बसवल्या गेल्या. त्यातलं सर्वात मोठं जहाज म्हणजे 'लेव्हायथन'. मूळचं ते जर्मन जहाज होतं. अमेरिकेच्या बंदरात अडकून पडलं आणि पुढे अमेरिकेने ते ताब्यात घेतलं.

२९ सप्टेंबर १९१८ रोजी हे जहाज न्यूयॉर्कजवळच्या होबोकेन बंदरातून निघालं. त्यावर ९,००० हून अधिक सैनिक होते आणि सुमारे २,००० खलाशी. फ्लूची साथ लष्करी छावण्यांमध्ये आधीच पसरली होती, त्यामुळे निघण्यापूर्वी आजारी दिसणाऱ्या सुमारे १२० जणांना उतरवलं गेलं. तुम्हाला वाटेल, झालं की मग! आजारी उतरले, निरोगी निघाले.

पण दुसऱ्याच दिवशी जहाजावरचा दवाखाना भरून गेला. मग झोपायच्या खोल्याच आजाऱ्यांसाठी मोकळ्या कराव्या लागल्या. शत्रूच्या पाणबुड्यांना उजेड दिसू नये म्हणून रात्री खिडक्या बंद असत, त्यामुळे खालच्या मजल्यांवर हवा खेळत नसे. काहींच्या नाकातून इतकं रक्त वाहत होतं की जमिनीवर थारोळी साचली. ७ ऑक्टोबरला जहाज फ्रान्समधल्या ब्रेस्ट बंदराला लागलं, तोवर सुमारे २,००० जण आजारी पडले होते. कित्येकांनी जहाजावरच प्राण सोडले, कित्येक उतरल्यावर गेले.

चूक कुठे होती?

आता डॉक्टर म्हणून सांगतो. फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत १ ते ४ दिवस जातात, बहुधा २. आणि लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासूनच तो माणूस इतरांना लागण करू शकतो. म्हणजे उतरवलेले १२० जण हे फक्त डोळ्यांना दिसणारे रुग्ण होते. ज्यांना ताप यायचा होता, ते ताठ मानेने शिडी चढून वर गेले होते.

न्यूझीलंडहून निघालेल्या 'ताहिती' जहाजाची गोष्टही अशीच. ऑगस्ट १९१८ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रीटाउन बंदरात ते थांबलं. तिथे आजार आहे असं कळल्यामुळे सैनिकांना किनाऱ्यावर उतरू दिलं नाही. पण अधिकारी बैठकीसाठी दुसऱ्या जहाजावर जाऊन आले, आणि त्या जहाजावर साथ होती. पुढच्या दोन आठवड्यांत 'ताहिती'वरचे बहुतेक लोक आजारी पडले. जहाजावर साधारण १,२०० माणसं होती, त्यांपैकी ७७ दगावली.

डॉक्टरांचा सल्ला आणि युद्धाची घाई

धोका कुणाला कळलाच नव्हता असं नाही. सैनिकांना निघण्यापूर्वी आठवडाभर वेगळं ठेवा, असा सल्ला अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय प्रमुखांनी दिला होता. आठवडाभरात लपलेला आजार वर आला असता. पण फ्रान्समध्ये कुमक हवी होती. ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी लष्करप्रमुख जनरल मार्च यांना विचारलं, तेव्हा वाहतूक थांबवू नये असंच मत त्यांनी दिलं. जहाजावरची गर्दी थोडी कमी केली गेली, पण जहाजं निघत राहिली. 'लेव्हायथन' ब्रेस्टला पोहोचल्यानंतर बरोबर पाच आठवड्यांनी, ११ नोव्हेंबरला, युद्ध संपलं.

आणि आपली मुंबई

मुंबई हे तेव्हा सैनिकांच्या ये-जा करण्याचं मोठं बंदर होतं. १० जून १९१८ रोजी सात पोलीस शिपाई तापाने आजारी होऊन रुग्णालयात दाखल झाले, त्यांतला एक गोदीवर नेमलेला होता. साथ जहाजांमधून आली, असं महापालिकेचे आरोग्य अधिकारी डॉ. टर्नर यांचं मत होतं. सप्टेंबरमध्ये दुसरी, जास्त जीवघेणी लाट आली आणि रेल्वेच्या मार्गाने देशभर पसरली. भारतात एक कोटीहून अधिक माणसं गेली. त्यात धडधाकट तरुण खूप होते. विषाणूने दुखावलेल्या फुफ्फुसांत जिवाणूंचा न्यूमोनिया होई आणि त्यावर प्रतिजैविकं तेव्हा नव्हतीच.

तुमच्यासाठी यात काय आहे?

आज आपल्याकडे लस आहे, औषधं आहेत. पण विषाणूची ती एका दिवसाची आघाडी तशीच आहे. म्हणून:

- ६० वर्षांवरील व्यक्ती, गरोदर स्त्रिया, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेले यांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी. ताप येण्याची वाट पाहून केलेला बचाव उशिराचा असतो.
- घरात कुणी आजारी असेल तर खिडक्या उघड्या ठेवा. रुग्णाने आणि जवळच्यांनी मास्क लावा.
- पॅरासिटामॉल घेऊन ऑफिसला, लग्नाला किंवा शाळेत जाऊ नका. गोळीने ताप उतरतो, संसर्ग थांबत नाही. गोळीशिवाय २४ तास ताप नसेल तरच बाहेर पडा.
- फ्लूचं खास औषध पहिल्या ४८ तासांत सर्वात उपयोगी पडतं. जोखमीच्या गटातल्यांनी लगेच डॉक्टरांना दाखवावं.
- धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर होणं, ग्लानी येणं, किंवा ताप उतरून पुन्हा चढणं, यांपैकी काही दिसलं तर थेट रुग्णालय गाठा.

त्या सैनिकांना थांबायचं की निघायचं हे ठरवायचा अधिकार नव्हता. तुम्हाला तो आहे. दोन-चार दिवस घरी थांबलात तर फार काही बिघडत नाही, आणि कदाचित शेजारच्या आजोबांचा न्यूमोनिया टळतो.