फुप्फुसाचा कर्करोग आणि मायक्रो-आरएनए

डीएनएमधील माहितीची नक्कल करून संदेशवाहक आरएनए तयार होतो आणि त्यानुसार पेशीत प्रथिने बनतात. हा संदेश मध्येच अडवणारे चिमुकले रेणू म्हणजे मायक्रो-आरएनए. जेमतेम २२ न्यूक्लिओटाइड लांबीचे हे रेणू स्वतः प्रथिन बनवत नाहीत. संदेशवाहक आरएनएला चिकटून ते प्रथिननिर्मिती रोखतात किंवा तो संदेशच नष्ट करवतात. व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रव्कुन यांनी १९९३ मध्ये एका सूत्रकृमीत त्यांचा शोध लावला. २०२४ चे नोबेल पारितोषिक त्यासाठीच मिळाले.

याच कृमीत २००० साली 'लेट-७' हा मायक्रो-आरएनए सापडला. तो सदोष असल्यास कृमीच्या काही पेशी परिपक्व न होता विभाजित होत राहतात. माणसातही तो आढळतो. फुप्फुसाच्या कर्करोगात तो कमी झालेल्या रुग्णांचे शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्य कमी असल्याचे जपानी संशोधकांना २००४ मध्ये दिसले. 'लेट-७' हा पेशीविभाजनाला चालना देणाऱ्या 'रास' प्रथिनाला आवर घालतो, हे २००५ मध्ये स्पष्ट झाले. हा लगाम सुटला की अर्बुदाची वाढ सुकर होते. याउलट 'मिर-२१' चे प्रमाण या कर्करोगात वाढते आणि 'पीटेन' या वाढ रोखणाऱ्या प्रथिनाची निर्मिती घटते.

रोगाचा प्रसार हा त्यापुढील टप्पा. 'ई-कॅडहेरिन' हे प्रथिन पेशींना परस्परांशी जखडून ठेवते, तर 'झेब-१' त्याची निर्मिती बंद पाडते. 'मिर-२००' कुटुंबातील रेणू 'झेब-१' ला दाबून ठेवतात. ते घटले की पेशी सुट्या होऊन रक्तावाटे अन्य अवयवांत पोहोचू शकतात.

२०२२ मध्ये जगभरात फुप्फुसाच्या कर्करोगाने सुमारे १८ लाख बळी घेतले. रोगाचे निदान बहुधा उशिरा होते. मायक्रो-आरएनए रक्तातही टिकून राहत असल्याने, लवकर निदानासाठी त्यांचा उपयोग करण्याचे प्रयत्न सुरू आहेत. उपचारांची वाट मात्र बिकट आहे. अर्बुदरोधक 'मिर-३४' ची कृत्रिम प्रत विविध कर्करोगांच्या रुग्णांना देण्याची चाचणी प्रतिकारशक्तीशी निगडित गंभीर दुष्परिणामांमुळे २०१६ मध्ये थांबवावी लागली. एकच मायक्रो-आरएनए शेकडो जनुकांवर प्रभाव टाकू शकतो. त्यामुळे निरोगी पेशींना धक्का न लावता तो नेमका अर्बुदापर्यंत पोहोचवणे, हेच संशोधकांपुढील खरे आव्हान आहे.