डिस्पोजेबल कॉन्टॅक्ट लेन्स : पेण-रोहा परिसरातील निवड

डिस्पोजेबल कॉन्टॅक्ट लेन्स म्हणजे चष्म्याचा नंबर भरून काढणारी आणि ठरावीक मुदतीनंतर टाकून द्यायची मऊ लेन्स. मुदत एक दिवसाची, पंधरवड्याची किंवा महिन्याची असते. मऊ लेन्स १९६१ मध्ये ऑटो विख्टर्ले या चेक रसायनशास्त्रज्ञाने मुलांच्या खेळण्यातील सुट्या भागांपासून जुळवलेल्या यंत्रावर बनवली. टाकून द्यायची लेन्स बाजारात आली ती १९८०च्या दशकात. गिऱ्हाईक बहुधा कंपनी, रंग आणि महिन्याचा खर्च पाहून लेन्स घेते. रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोहा या तालुक्यांत मात्र आधी दोन गोष्टी पाहायला हव्यात : लेन्सला कोणते पाणी आणि कोणती धूळ लागणार, आणि ती आठवड्यातून किती दिवस घातली जाणार. हा हिशेब केला की बहुतेकांसाठी एक दिवसाची लेन्सच योग्य ठरते.

पहिले कारण पाण्याचे. विहीर, बोअर, नळ, पावसाळी डबके या सगळ्यांत अकँथअमीबा हा सूक्ष्मजीव असू शकतो. तो लेन्सला चिकटून बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात शिरला, तर उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि डोळ्यात कायमचे फूल पडू शकते. भारतात या आजाराचे बहुतेक रुग्ण लेन्स न वापरणारे, चिखल-पाणी डोळ्यात गेलेले असतात. म्हणजे धोका आपल्या परिसरात आधीच आहे, लेन्स त्याला आणखी एक वाट देते. महिनाभर वापरायच्या लेन्सची डबी बेसिनजवळ असते, ती नळाखाली विसळली जाते, आणि कोकणच्या पावसाळी दमट हवेत नीट सुकत नाही. लेन्स धुण्या-ठेवण्याच्या द्रावणावर सगळी भिस्त ठेवणेही बरे नव्हे : २००६ मध्ये बुरशीच्या आणि २००७ मध्ये अकँथअमीबाच्या संसर्गांनंतर दोन नामांकित कंपन्यांना आपली द्रावणे बाजारातून मागे घ्यावी लागली. यावर एक रास्त आक्षेप आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील पाहणीत एक दिवसाच्या लेन्सवाल्यांत वर्षाला १०,००० मागे २.० जणांना, तर दिवसा घालून रात्री काढायच्या जुन्या प्रकारच्या मऊ लेन्सवाल्यांत १.९ जणांना पडद्याचा संसर्ग झाला. फरक जवळजवळ नाहीच. पण त्याच वर्षीच्या लंडनच्या अभ्यासात एक दिवसाच्या लेन्सवाल्यांची दृष्टी गमावण्याची शक्यता कमी आढळली. मोठी उडी दिसते ती झोपेत लेन्स ठेवणाऱ्यांत, जवळपास दहापट. तेव्हा एक दिवसाची लेन्स घालून झोपणाऱ्याने तिच्याकडून कसलेही संरक्षण मागू नये. तीच लेन्स पाण्यात ठेवून दुसऱ्या दिवशी लावणे तर सर्वांत वाईट.

धुळीचे गणित वेगळे आहे. पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत मूर्ती घासताना प्लास्टरची बारीक भुकटी उडते. ती लेन्सखाली अडकली की पडद्यावर ओरखडे उठतात, आणि ओरखडा म्हणजे जंतूंना उघडे दार. घासकामाला चष्मा किंवा बंद गॉगल हवा. लेन्स कितीही महागडी असली तरी ती डोळा झाकत नाही. रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीबाबत मात्र जुना समज तपासायला हवा. रसायनांजवळ लेन्स मुळीच नको, असे पूर्वी सरसकट सांगत. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने २००५ मध्ये ही सरसकट बंदी पुराव्याला धरून नसल्याचे मान्य केले, पण संरक्षक गॉगल आणि धोक्याची तपासणी यांच्या अटीवर. कंपनीचा नियम कडक असेल तर तोच पाळावा.

खर्चाचा आक्षेप उरतो. रोज लेन्स घालणाऱ्याला वर्षाला ७३० लागतात, महिन्याच्या २४. तिथे एक दिवसाची लेन्स महागच. पण आठवड्यातून दोनदाच, लग्नकार्याला किंवा खेळाला, घालणाऱ्याला २०८ पुरतात. महिन्याची लेन्स मात्र पाकीट उघडल्यापासून मोजली जाते. आठ वेळा वापरली तरी तिसाव्या दिवशी टाकायची. शिवाय तिच्यासोबत द्रावण आणि डबी आलीच.

नंबरही चष्म्यावरून जसाच्या तसा उचलू नये : चारच्या वरचा नंबर लेन्ससाठी बदलून घ्यावा लागतो आणि वक्रता व व्यास डोळ्यावर तपासावे लागतात. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा, चाळिशी उलटलेला उणे नंबरवाला कारागीर जवळचे बघायला चष्मा काढतो. लांबच्या नंबरची लेन्स घातली की ती सोय जाते आणि वाचायचा चष्मा वर चढतो. मोठा सिलिंडर नंबर एक दिवसाच्या लेन्समध्ये अनेकदा मिळत नाही. तेव्हा महिन्याची लेन्स, दर वेळी ताजे द्रावण आणि नळापासून दूर ठेवलेली डबी यांना पर्याय नसतो.