फूल सुटेपर्यंत

डोळा चोळू नका. कोळशाचा कण आहे, चोळलात तर आणखी रुतेल. मूर्तिजापूरपासून 113 किलोमीटर शकुंतला नावाच्या आगगाडीच्या खिडकीत तोंड घालून बसल्यावर दुसरं काय होणार? रूळ अरुंद, इंजिन वाफेचं आणि चाल अशी की मधेच उतरून बोरं वेचावीत आणि पुन्हा त्याच डब्यात चढावं. उतरा, यवतमाळ आलं. साल 1970च्या आगेमागे, महिना डिसेंबरचा. स्वेटर विसरलात ना? असू द्या. तासाभरात घाम फुटणार आहे.

बाहेर कापसाच्या गाड्या जिनिंगकडे निघाल्यात. बैलांच्या घंटा, गाडीवानांचं हाळी घालणं, शेण, धूळ, आणि हवेत तरंगणारे कापसाचे पुंजके. एक तुमच्या भुवईवर बसलाय. आता नाक वर करा. तळणाचा वास येतोय की नाही? दिवाळी तर केव्हाच उरकली. वासामागे चालत राहा. बांबूच्या कामट्यांवर पतंगाचा कागद चिकटवलेली चांदणी ज्या दारावर डोलतेय, तिथे थांबा.

चपला बाहेर. पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही, कारण जमिनीवर जुनी धोतरं अंथरून त्यावर शंकरपाळे पसरलेत. ते ओलांडून आत या. धुराने डोळ्यांना पाणी येतं आणि मघाचा कोळशाचा कण वाहून जातो. एक काम झालं.

‘‘काऊन उभे राहिले? हात धुवा अन् बसा!’’

ह्या मावशी. तुमची त्यांची ओळख नाही, पण नाताळाआधीच्या आठवड्यात या स्वयंपाकघरात पाहुणा नावाचा प्राणी नसतोच. पोळपाट तुमच्यापुढे येतो. करंज्यांचं सारण खोबऱ्याचं आणि खसखशीचं, चकल्या दिवाळीच्याच सोऱ्यातून, अनारशाचं पीठ तसंच आंबवलेलं. विलायती गोष्टींतल्या नाताळात बिस्किटं ओव्हनमधून निघतात. इथे ओव्हन कुणाकडे आहे? चूल आहे, कढई आहे आणि फल्लीचं तेल आहे. तेव्हा नाताळही तळूनच निघतो.

तुमच्या वाट्याला कुलकुल आलंय. अंडं आणि दूध घालून भिजवलेल्या मैद्याची बोराएवढी गोळी घ्या, नव्या कोऱ्या फणीच्या दातांवर अंगठ्याने दाबा आणि गुंडाळत सोडवा. शिंपल्यासारखी वळली पाहिजे. तुमची पहिली गोगलगायीसारखी झालीय. शेजारची सात वर्षांची मुलगी तुमच्याकडे बघते, काही बोलत नाही आणि दहा वळून टाकते. मागे एक पोरगा गोळ्या तोंडात टाकतोय. ‘‘पोट्टे हो, कच्चं पीठ खाऊ नोका!’’ मावशींनी मान वळवलेलीसुद्धा नाही.

पण खरी गंमत गुलाबाच्या फुलांची. लांब दांड्याचा, पाकळ्यापाकळ्यांचा धातूचा साचा. तो या घरचा नाही, सेमिनरीतल्या एका केरळी कुटुंबाकडून मागून आणलाय. त्यांच्याकडे या तळलेल्या फुलांना अच्चप्पम म्हणतात. 1953 पासून इथे युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. देशभरातले विद्यार्थी तिथे शिकायला येतात आणि सामानाबरोबर आपापली तोंडाची चवही आणतात. (1983 नंतर आला असतात तर सेमिनरी पुण्याला गेलेली असती आणि साचा मागायला तुम्हाला तिकडे जावं लागलं असतं.)

साचा आधी तेलात तापवा. चांगला तापवा. मग तांदळाच्या पातळ पिठात बुडवा, पण पाऊणच. वरची कड बुडाली तर पीठ साच्यावरून बंद होतं आणि फूल सुटत नाही. चर्र आवाज आला? आता तेलात धरा आणि हलकेच हलवा. सुटत नाही. पुन्हा हलवा. मनगट भाजतंय, कपाळावरून घाम नाकावर आलाय, आणि चुलीत कुणी तरी पराटी सरकवली. कापसाच्या त्या वाळक्या काड्या भडकून पेटतात आणि फूल काळं पडतं. ‘‘पराटीवर पाणी तापवा, तळण बाभळीवर!’’ मावशी काड्या ओढून बाहेर काढतात. चौथ्या खेपेला मात्र फूल आपसूक सुटून तेलावर तरंगतं. बघणारं कुणी नाही, सगळे करंज्या मोजतायत.

रात्री दहाला उठा. झोपेचं नंतर बघू. डोक्यावर डालडाचा डबा घ्या आणि बेकरीकडे निघा. आत मैदा, महिनोन्‌महिने वाचवलेली रेशनची साखर आणि वेलची आहे. बेकरीत पावाची भट्टी उतरली की नानकटाईची पाळी येते. दहा-बारा डबे आधीच रांगेत आहेत, प्रत्येकावर ऑइलपेंटने आडनाव. भट्टीसमोर तोंड भाजतंय, पाठ गारठतेय. बेकरीवाले चाचा कोपरापर्यंत हात घालून डालडा आणि साखर इतकी फेसतात की परातीत लोणी आहे असं वाटावं. पत्र्यावर गोळे मांडले जातात, प्रत्येकाच्या डोक्यावर रानातली चारोळी टोचण्याचं काम तुमचं. लांब दांड्याच्या फळीवरून पत्रा आत जातो. थोड्या वेळात तुपकट, गोड वासाने रांगेतले सगळे गप्प होतात. गरम नानकटाई उचलाल तर बोटांत भुगा होईल. थांबा. अर्थात तुम्ही थांबणार नाही.

परत येईपर्यंत दारात पेटी आणि ढोलकी पोचलीय. गाणारी मंडळी घरोघर हिंडतायत. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं मराठीत, मधेच एक गाणं अनोळखी भाषेत, सुरात मात्र पक्कं. मावशी चकल्यांचा डबा पुढे करतात आणि तो रिकामाच परत येतो. मला विचाराल तर सगळ्या फराळातला हा सगळ्यात चांगला खर्च.

नाताळच्या सकाळी चर्चहून आलात की कपडे बदलू नका, ताटं वाटायचीत. करंजी, चकली, कुलकुल, दोन फुलं, वाळूवर भाजलेल्या केकचा एक तुकडा, वर क्रोशाचा रुमाल. पहिलं ताट दिवाळीला ज्यांनी अनारसे पाठवले त्यांच्याकडे, दुसरं ईदला शीरखुर्मा आणून देणाऱ्या चाचांकडे. उन्हात जपून चाला, फुलं फार ठिसूळ असतात.

हे तिसरं तुमचं. खाऊन झालं की ताट उलटं करा, तळाशी मावशींचं नाव कोरलंय. गाडीला अजून वेळ आहे. परत द्यायला जाल तेव्हा ताट रिकामं नेऊ नका, निदान चिमूटभर साखर तरी घाला.