कौलातून स्लॅबात

जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात शाखा अभियंता म्हणून हयात गेली, त्यामुळे कुठल्याही शाळेत पाऊल टाकलं की माझी नजर आधी वर जाते. फळा, तक्ते, हजेरीपट हे गुरुजींचं खातं, छप्पर माझं. कृष्णाकाठच्या खेड्यांत शाळेचा इतिहास जितका छपरावरून कळतो, तितका तो दप्तरातून कळत नाही, असं माझं मत आहे.

मुळात शाळेला स्वतःचं छप्परच नव्हतं. मोठ्या नावाच्या शाळाही दुसऱ्याच्या घरात सुरू झाल्या. जोतिराव आणि सावित्रीबाईंची मुलींची शाळा १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात भरली. चिपळूणकर-टिळकांचं न्यू इंग्लिश स्कूल १८८० मध्ये उघडलं तेही मोरोबादादांच्या वाड्यात. खेड्यात वाडा कोण देणार? तिथं मारुतीचं देऊळ, चावडी, नाहीतर धर्मशाळा. आणि शाळा देवळात भरली की नियमही देवळाचेच चालायचे. अस्पृश्य ठरवलेल्या समाजातलं पोर शिकायला आलंच, तर त्यानं उंबऱ्याबाहेर उन्हात बसायचं. गावकीच्या छपराखालून शाळा बाहेर पडणं किती मोठी गोष्ट होती, हे आम्ही अंदाजपत्रकवाले सहसा लक्षात घेत नाही.

पैशाची वाट १८६३ मध्ये निघाली. मुंबई इलाख्यात जमीन महसुलावर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाकडे, बाकीचा रस्त्यांसारख्या कामांकडे जाऊ लागला. १८६९ च्या कायद्यानं त्याला पक्कं रूप दिलं. म्हणजे शाळेचे पैसे कुणब्याच्या शेतसाऱ्यातूनच येत होते. महसूल रयत भरते आणि तिच्या पोरांच्या प्राथमिक शिक्षणावर मात्र सरकार हात आखडून खर्च करतं, हे गाऱ्हाणं फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढं मांडलं ते उगाच नव्हे. पुढं लोकल बोर्डं आली, स्कूल बोर्डं आली, आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा झाल्यावर हा सगळा संसार आमच्याकडं आला.

बोर्डाच्या काळातल्या ज्या शाळा मी पाहिल्या, त्यांचा साचा ठरलेला. घडीव दगडाचं जोतं, एक लांबलचक खोली, पुढं ओसरी, सागाची कैची आणि वर मंगलोरी कौलं. या कौलांचीही एक गंमत आहे. बासेल मिशननं मंगळूरला १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि तिथली कौलं गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्यानं वर मुंबईपर्यंत यायची. कौल उलटं केलं की पाठीवर कारखान्याचं नाव आणि १८६५ हा आकडा उठलेला दिसतो. तो कारखान्याच्या स्थापनेचा. पण आमच्या एका मुख्याध्यापकांनी त्या आकड्यावरून शाळेचा शतकोत्तर सोहळा घालायचा घाट घातला होता. पत्रिका छापायच्या आधी जुनं रेकॉर्ड काढलं म्हणून निभावलं.

या कौलारू शाळेची खरी खुबी तिच्या दुरुस्तीत होती. वैशाखात गावचा सुतार शिडी लावायचा, वानरांनी फोडलेली कौलं बदलायचा, सरकलेली बसवायचा. गळतं कुठं ते शोधायला अभियंता लागत नसे. भर दुपारी दारं-खिडक्या लावून आत उभं राहायचं. जिथं फट असेल तिथून उजेडाचा कवडसा जमिनीवर पडतो. त्याच्या बरोबर वर काठी टेकवायची आणि छपरावरच्या माणसाला हाक मारायची. एका वाडीत तर हे काम चौथीची पोरं करताना मी पाहिली आहेत; कवडशाभोवती खडूनं गोल काढायचा आणि गोल मोजून सुताराला सांगायचं, ‘बाबा, यंदा अकरा.’ कौलांचे पैसे सादिलमधून, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या रकमेतून, निघायचे, आणि सादिल संपलं असेल तर पाटलाच्या गोठ्यावरची शिल्लक कौलं यायची.

मग स्लॅब आला. तो यायला कारणं होती, हे मान्य करायला हवं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा पाटण भागात दगडमातीच्या भिंती कशा ढासळल्या हे आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिलं होतं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीनं तेच दुप्पट क्रूरपणे दाखवलं. दोन्ही भूकंप पहाटेचे, म्हणून वर्ग रिकामे होते. दिवसा झाले असते तर काय, हा विचार आमच्या खात्यातल्या कुणाच्याही मनातून गेलेला नाही. त्यात दगडाचा पाथरवट मिळेना, साग परवडेना. ‘पक्की इमारत’ म्हणजे स्लॅब, हे समीकरण बसलं.

१९८७ ला खडू-फळा मोहीम आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला बारमाही वापरता येतील अशा निदान दोन खोल्या, हे तिचं सूत्र. खोल्या भराभर उठल्या. पुढं सर्व शिक्षा अभियानात ठेकेदार बाजूला ठेवून बांधकाम गावाच्या समितीकडं दिलं, आणि गुरुजी वर्ग सोडून सिमेंटच्या गोण्या मोजायला लागले. त्यावर पुष्कळ टीका झाली, ती रास्तही होती. तरी माझा अनुभव असा की गुरुजींनी रात्री कंदील घेऊन ज्या स्लॅबवर पाणी मारलं, तो ठेकेदाराच्या स्लॅबपेक्षा जास्त टिकला.

पण स्लॅब गळायला लागला की गावाचे हात टेकतात. पाणी शिरतं एका कोपऱ्यात, सळईच्या कडेकडेनं फिरतं आणि टपकतं तिसऱ्याच जागी. इथं कवडसा पडत नाही. आत सळई गंजून फुगते, खालचं प्लास्टर आधी पोकळ वाजतं आणि मग खपली पडावी तसं खाली येतं. गावच्या सुताराला यातलं काही करता येत नाही. त्याला अंदाजपत्रक लागतं, तांत्रिक मान्यता लागते, प्रशासकीय मान्यता लागते, आणि तोवर दोन पावसाळे होतात. सर्व शिक्षाच्या काळात तीन खोल्यांपर्यंतच्या शाळेला वर्षाला देखभालीसाठी ५,००० रुपयांपर्यंत आणि त्याहून मोठ्या शाळेला १०,००० पर्यंत मिळत. त्यात रंगरंगोटी व्हायची, छप्पर व्हायचं नाही.

आम्ही नियोजन करतो म्हणजे खोल्या मोजतो. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. त्याच्या परिशिष्टात शिक्षकागणिक खोली, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण अशी चांगली यादी आहे. मी तिच्या विरोधात नाही. पण वाढलेल्या स्लॅबचं वय कुणी मोजायचं ते त्या यादीत नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नगरजवळ निंबोडीला वर्गाचं छप्पर कोसळून तीन मुलं गेली, तेव्हा धोकादायक खोल्यांच्या याद्या तातडीनं मागवल्या गेल्या. त्या याद्यांतल्या कितीतरी खोल्या आमच्या फायलींत आधीपासून पडून होत्या.

कारण निर्लेखन. मोडकळीला आलेली खोली पाडायची तर समितीचा ठराव, फोटो, उपअभियंत्याचा दाखला, येणाऱ्या मालाची किंमत, वरची मंजुरी. जुनी निर्लेखित झाल्याशिवाय नवी मिळत नाही, आणि जुनी पाडून नवी येईपर्यंत पोरं पुन्हा मारुतीच्या देवळात. त्यातच जागा शाळेच्या नावावर नसल्याचं निघतं. आजोबांनी पंचांसमोर तोंडी दिलेली चार गुंठे जमीन सातबाऱ्यावर अजून आजोबांच्याच नावे, आणि नातवाला आता रस्त्याकडेचा भाव कळलेला. बक्षीसपत्र केलेलंच नाही. अशा वेळी नातवालाही मी दोष देत नाही. नोंद करायचं काम आमचं होतं.

पाडलेल्या मालाच्या लिलावातही कौल आणि स्लॅब वेगळे ओळखू येतात. कौलारू शाळेच्या सागाला आणि कौलांना बोली चढत जाते. फार्महाउसवाले पुण्याहून येतात. स्लॅबच्या शाळेला फक्त भंगारवाला येतो, तोही सळयांपुरता. बाकीचा राडारोडा मैदानात. तो उचलायचा खर्च कुठल्या लेखाशीर्षाखाली टाकायचा, हे विचारायला मुख्याध्यापक अजून मला फोन करतात. ग्रामपंचायतीला सांगा, पाणंद रस्त्याच्या भरावाला नेतील, असं मी सांगतो.