मुडदे, मोटार आणि चिमूटभर मीठ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कविता करणाऱ्या माणसाने व्हिडिओ गेमवर बोलावं, याचं आपल्याला नवल वाटेल. मलाही वाटलं होतं. झालं असं, की मे महिन्याच्या सुट्टीत धाकट्या बहिणीचा मुलगा आमच्याकडे मिरजेला राहायला आला आणि आल्या दिवसापासून मोबाईलमध्ये डोकं घालून बसला. वय वर्षं चौदा. मोबाईलमधून इंजिनाची घरघर आणि मधूनच काहीतरी चिरडल्याचा आवाज. चार दिवस मी ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी विचारलं, "अरे, हे चाललंय तरी काय?" तो म्हणाला, "मामू, बसा इथं. तुम्हालाच शिकवतो. झॉम्बी मारायचे."

झॉम्बी म्हटल्यावर मला आधी आठवली ती आनंद यादवांची 'झोंबी'. भाच्याला ती ठाऊक नव्हती आणि मला त्याची ठाऊक नव्हती. असे आम्ही दोघे एका मोबाईलवर वाकलो.

गेमचं नाव 'अर्न टू डाय'. म्हणजे मरण्यासाठी कमवा! २०१२ साली तो संगणकावर फ्लॅश नावाच्या तंत्रावर आला. ते तंत्र २०२० च्या अखेरीस बंद झालं, पण तोवर गेम मोबाईलवर पोचला होता. गोष्ट एवढीच. जग बुडालं आहे, वाळवंटात जिवंत मुडदे फिरताहेत, तुमच्याकडे एक खटारा गाडी आणि थोडे पैसे आहेत. मुडद्यांच्या झुंडीतून गाडी काढून सुटकेच्या ठिकाणी पोचायचं. पेट्रोल संपलं की गाडी थांबते आणि तो दिवस संपतो. जेवढं अंतर कापलं आणि जेवढे मुडदे आडवे केले, तेवढे पैसे मिळतात. त्या पैशातून गाडी सुधारायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून निघायचं.

पहिले काही दिवस मी हरत होतो, कारण पोचायची घाई करत होतो. भाच्याने समजावलं, "मामू, पहिल्या फेरीत कुणीच पोचत नाही. पहिली फेरी कमवायची असते." मग त्याने खर्चाचा क्रम सांगितला. आधी पेट्रोलची टाकी, इंजिन आणि गिअर. मग चाकं आणि पुढे लावायचा लोखंडी सांगाडा. बंदूक सगळ्यात शेवटी. का, तर बंदुकीने दोन मुडदे जास्त पडतात, पण टाकी मोठी असेल तर गाडी दोन टेकड्या जास्त ओलांडते आणि कमाई अंतरातूनच वाढते. वेगाचा जो जादा झटका गाडीला देता येतो, तो सपाटीवर उधळायचा नाही. चढ लागला किंवा समोर खोक्यांचा ढीग दिसला, की तेव्हाच द्यायचा. गाडी हवेत उडाली तर ती सरळ ठेवायची. नाकावर आपटली की मिळवलेला वेग मातीत जातो. जुन्या गाडीला शेवटचा नटबोल्टही सोन्याचा करत बसायचं नाही. पुढची गाडी आवाक्यात येतेय असं दिसलं की हात आखडायचा आणि पैसा साठवायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उतारावर पाय उचलायचा. गाडी आपल्या वजनाने धावते, तेवढं पेट्रोल वाचतं.

हे शेवटचं ऐकलं आणि मला अब्बा आठवले.

अब्बा ट्रक चालवायचे. मिरज ते रत्नागिरी, आंबा घाटातून. जाताना साखरेची पोती, हंगामात येताना आंब्याच्या पेट्या. डिझेलचा हिशेब त्यांच्या बोटांवर असायचा. चढाला कुठे गिअर बदलायचा, कुठल्या वळणाआधी वेग धरून ठेवायचा, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. पण उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून डिझेल वाचवणाऱ्यांचा त्यांना राग यायचा. "ज्या गिअरमध्ये घाट चढलास, त्याच गिअरमध्ये उतर," असं ते क्लीनरला बजावायचे. "डिझेल पुन्हा भरता येतं." पुढचं वाक्य ते बोलत नसत. भाच्याने नानाजानना पाहिलेलं नाही. मी त्याला म्हटलं, "तुझ्या गेममध्ये नानाजान पहिल्याच दिवशी पार झाले असते." तो खूश झाला. पण ते बोललो खरा आणि मनात काहीतरी खटकत राहिलं. त्याचं कारण शेवटी सांगतो.

मी इतिहास घेऊन बी.ए. झालो. कुठलीही गोष्ट हातात आली की ती आली कुठून, हे शोधायची खोड त्या तीन वर्षांत लागली, ती काही गेली नाही. तेव्हा या चालत्या मुडद्यांचा माग काढत मी निघालो आणि पोचलो हैतीला.

हैती हे कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटाच्या पश्चिमेचा देश. अठराव्या शतकात तिथे सेंट डोमिंग ही फ्रेंचांची वसाहत होती आणि ती साखरेवर गबर झाली होती. ऊस तोडायला, चरकात घालायला, रस कढवायला आफ्रिकेतून माणसं पकडून आणत. १७८९ च्या सुमाराला तिथे जवळजवळ पाच लाख गुलाम होते. मरेपर्यंत काम, आणि मरण लवकर येई. त्या माणसांची एक आशा होती, की मेल्यावर आपण आपल्या मुलखात परत जाऊ. आणि त्या आशेच्या उलट बाजूला एक भीती होती. मेल्यावरही आपल्याला कुणी उठवलं आणि पुन्हा उसाच्या फडात उभं केलं तर? इच्छा नाही, वाचा नाही, आठवण नाही, नुसतं काम. त्या भीतीचं नाव झॉम्बी. म्हणजे मुळातला झॉम्बी कुणाला चावत नव्हता, कुणाच्या मागे धावत नव्हता. तो राबत होता.

१७९१ साली या गुलामांनी बंड केलं आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. पण १९१५ मध्ये अमेरिकेने सैन्य उतरवून तो देश ताब्यात घेतला, तो १९३४ पर्यंत. त्या काळात विल्यम सीब्रूक नावाचा अमेरिकन लेखक तिथे गेला आणि १९२९ साली त्याचं 'द मॅजिक आयलंड' हे पुस्तक निघालं. अमेरिकेतल्या सर्वसामान्य वाचकाला झॉम्बी ठाऊक झाला तो मुख्यतः या पुस्तकामुळे. त्यात त्याने ऐकलेली एक हकीकत आहे. साखर कंपनीच्या फडात एका मुकादमाने मुडद्यांची टोळी कामाला लावली. हजेरी त्यांची, मजुरी मुकादमाच्या खिशात. त्यांना जेवण द्यायचं, पण अळणी. मिठाचा कण पोटात गेला तर ते शुद्धीवर येतात, अशी समजूत. एका सणाच्या दिवशी मुकादमाच्या बायकोला त्यांची दया आली. तिने त्यांना गोड वड्या खाऊ घातल्या. त्या वड्यांतल्या दाण्यांना मीठ लावलेलं होतं. मीठ जिभेला लागलं आणि त्या माणसांना कळलं की आपण मेलेलो आहोत. ते उठले, रांगेने आपल्या गावाकडे चालत गेले आणि आपापल्या कबरीपाशी जाऊन कोसळले.

ही गोष्ट वाचली त्या रात्री मला झोप आली नाही. आपल्या मराठीत खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात. मालकाचं मीठ खाल्लं, आता त्याच्याशी इमानाने राहायचं, हा त्याचा अर्थ. हैतीत अर्थ बरोबर उलटा. तिथे मिठाला जागलेला माणूस मालकाचं काम टाकून घरी निघाला. आम्ही साखरेच्या मुलखातले. मिरजेहून कुठल्याही दिशेला निघा, उसाचा फड लागतो. मुकादम, टोळी, उचल हे शब्द आम्हाला परके नाहीत. त्यामुळे ती हकीकत मला परदेशातली वाटलीच नाही.

पुढे सिनेमावाले आले. १९३२ च्या 'व्हाइट झॉम्बी' या चित्रपटात साखरेच्या कारखान्यात मुकाट राबणारे मुडदे दिसतात. इथपर्यंत नातं शाबूत होतं. १९६८ साली जॉर्ज रोमेरो यांनी 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' काढला आणि मुडद्यांचं कामच बदललं. आता ते माणसं खाऊ लागले, झुंडीने येऊ लागले. गंमत म्हणजे त्या चित्रपटात झॉम्बी हा शब्द नाही. तिथे त्यांना 'घूल' म्हटलं आहे. हा मूळ अरबी शब्द. आमच्या घरी उर्दू दास्तानी वाचल्या जायच्या, त्यांत ग़ूल-ए-बयाबानी असायचा. वाळवंटात वाटसरूला वाट चुकवणारा. आज भाच्याच्या गेममध्ये वाळवंट आहे, वाटसरू आहे आणि ग़ूलही आहे. दास्तान जुनीच, गाडी तेवढी नवी. पण राबणारा माणूस मात्र या सगळ्यातून कधीच गायब झाला.

आता गाडीकडे येतो. १९७६ साली अमेरिकेत एक्झिडी या कंपनीने 'डेथ रेस' नावाचा गेम आणला. नाणं टाकून खेळायचं यंत्र, समोर स्टिअरिंग, पडदा काळा-पांढरा. पडद्यावर काटक्यांसारख्या आकृत्या पळायच्या आणि त्यांना गाडीखाली घ्यायचं. एक किंकाळी ऐकू यायची आणि त्या जागी क्रूस उभा राहायचा. लोक खवळले. वर्तमानपत्रांत टीका झाली, अमेरिकेतल्या 'नॅशनल सेफ्टी कौन्सिल' या संस्थेनेही नापसंती दाखवली. कंपनीने सांगितलं, ती माणसं नव्हेतच, ती भुतं आहेत. व्हिडिओ गेममधल्या हिंसेवरून झालेल्या पहिल्या मोठ्या वादांपैकी हा एक.

पुढे १९९७ साली इंग्लंडमध्ये 'कार्मगेडन' आला. त्यात पादचाऱ्यांना उडवलं की जादा वेळ मिळे. ब्रिटनच्या प्रमाणन मंडळाने त्याला प्रमाणपत्र नाकारलं. मग कंपनीने काय केलं? रस्त्यावरची माणसं तशीच ठेवली, फक्त त्यांचे झॉम्बी केले आणि रक्ताचा रंग लाल होता तो हिरवा केला. जर्मनीत त्याच माणसांचे यंत्रमानव केले आणि रक्ताऐवजी काळं तेल सांडलं. ब्रिटनमधला निर्णय पुढे अपिलात फिरला, ती गोष्ट वेगळी. पण मला थांबवलं ते त्या रंग बदलण्याने. गाडी तीच, रस्ता तोच, धडक तीच. फक्त समोरचा माणूस नाही असं जाहीर केलं, की सगळं चालतं.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही युक्ती ओळखीची वाटते. ज्याच्यावर गाडी घालायची, त्याला आधी माणसातून काढायचं. कधी गुलाम म्हणून, कधी रानटी म्हणून, कधी नुसतं 'ते लोक' म्हणून. नाव काढून घेतलं, चेहरा पुसला, की पुढचं सोपं असतं. सेंट डोमिंगच्या मळेवाल्यांनी तेच केलं होतं. त्यांनी ज्याला मेल्यासारखं राबवलं, त्याच्याच भीतीतून झॉम्बी जन्मला, आणि दोनशे वर्षांनी आपण त्या झॉम्बीलाच चिरडून पैसे कमावतो आहोत. एक मात्र कबूल करायला हवं. १९७६ च्या त्या ओबडधोबड गेममध्ये ज्याला मारलं, त्याचा क्रूस तिथेच राहायचा आणि तुमच्याच गाडीला आडवा यायचा. जितके मारावेत, तितकी वाट अडत जायची. भाच्याच्या गेममध्ये मागे काही उरत नाही. मुडदा पडतो, पैसे जमा होतात, रस्ता मोकळा.

मनात खटकत होतं ते आता सांगतो. १९८१ सालच्या हिवाळ्यात अब्बांच्या ट्रकची एका माणसाला धडक बसली. घाट उतरल्यावर, पहाटे, धुक्यात. घोंगडी पांघरून तो रस्त्याच्या कडेने चालला होता. अब्बा पळून गेले नाहीत. त्यांनी आणि क्लीनरने त्याला उचलून केबिनमध्ये घेतलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. माणूस वाचला, पण एका पायाने कायमचा अधू झाला. खटला झाला, दंड झाला, तो अब्बांनी भरला. पण तेवढ्यावर ते सुटले नाहीत. त्यानंतर त्या वाटेवरच्या प्रत्येक फेरीला ते त्याच्या दारात गाडी थांबवायचे. कधी ज्वारी, कधी साखर. ईदेला शिरखुर्म्याचा डबा. त्या माणसाचं आणि त्याच्या दोन मुलांचं नाव अब्बांनी आम्हा भावंडांकडून पाठ करून घेतलं होतं. ते नाव मी इथे घेत नाही. ते त्यांच्या घरचं आहे. पण अब्बा आम्हाला म्हणायचे, "गाडीपुढे आलेल्या माणसाला नाव असतं, हे विसरलात तर स्टिअरिंगला हात लावू नका."

हे मी भाच्याला एका रात्री गच्चीवर सांगितलं. उपदेश म्हणून नाही, त्याच्या नानाजानची गोष्ट म्हणून. हैतीची आणि मिठाची गोष्टही सांगितली. गेम टाकून दे, असं मी म्हटलं नाही आणि त्याने टाकलाही नाही. खेळ हा खेळ असतो. त्याने मुलं खुनी होतात, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. उलट, थोड्या पेट्रोलमध्ये लांब कसं जावं आणि आज हरून उद्याची तयारी कशी करावी, हे त्याला त्याच गेमने शिकवलं. असे गेमही आहेत, ज्यांत वाचलेल्यांना गाडीत घ्यावं लागतं. २००९ च्या 'झॉम्बी ड्रायव्हर'मध्ये टॅक्सी घेऊन शहरात अडकलेल्या माणसांना बाहेर काढायचं असतं. अब्बांना तो जास्त आवडला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा पुन्हा मोबाईल घेऊन बसला होता. मी चहा घेऊन शेजारी बसलो. टाकी भरलेली, इंजिन नवं, समोर मुडद्यांची झुंड. त्याने गाडी सोडली नाही. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "मामू, यांना मीठ द्यायचं बटण का नाही ठेवलं?"

मला उत्तर सुचलं नाही. थोड्या वेळाने त्याने गाडी सुरू केली. पहिला उतार आला, तेव्हा त्याने पाय उचलला.