घरातील अँटेना

घरातील अँटेना म्हणजे छतावर न चढवता खोलीतच ठेवून दूरचित्रवाणीचे संकेत ग्रहण करणारा अँटेना होय. साध्या प्रकारात दोन दांड्या असतात. प्रत्येकीची लांबी तरंगलांबीच्या सुमारे पाव ठेवतात (२०० मेगाहर्ट्झसाठी सुमारे ३७ सेंटीमीटर). जागेचे महत्त्व मात्र लांबीहून अधिक. प्रक्षेपण मनोऱ्याच्या दिशेची खिडकी उत्तम. सळयांच्या काँक्रीटची भिंत व लोखंडी कपाट संकेत अडवतात. जुन्या अ‍ॅनालॉग प्रक्षेपणात संकेत दुर्बल झाला तर पडद्यावर मुंग्या दिसत, तरी कार्यक्रम पाहता येई. डिजिटल प्रक्षेपणात ही सवलत नाही: संकेत ठरावीक मर्यादेखाली गेला की चित्र चौकोनांत फुटते आणि थांबते. प्रवर्धक संकेतासोबत गोंगाटही वाढवतो; त्यापेक्षा अँटेना हातभर सरकवणे पुष्कळदा अधिक उपयोगी ठरते.